रेकॉर्डिंगची डिस्क फॉरमॅट करताना

संगीत नाटकाचा प्रयोग आठ माइक लावून रेकॉर्ड करायचा आहे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, आणि आठही माइक एकाच वेव्ह फाइलमध्ये. पहिला अंक रंगात येतो न येतो तोच, साधारण ६२ मिनिटांनी, फाइल ४ जीबीला टेकते. डिस्कची फाइल सिस्टीम ‘फॅट३२’ असेल तर ती फाइल पुढे वाढूच शकत नाही. चांगले रेकॉर्डर अशा वेळी मुकाट्याने दुसरी फाइल उघडतात. सगळीच सॉफ्टवेअर तेवढी शहाणी नसतात. शिवाय साधी वेव्ह फाइलही स्वतःचा आकार ३२ बिटांतच लिहून ठेवते. त्यामुळे नुसती डिस्क बदलून भागत नाही, आरएफ६४ हा वेव्हचा मोठा अवतारही निवडावा लागतो.

स्टुडिओत पहिला प्रश्न येतो तो वेगाचा. माझ्या मते तिथे वेळ घालवू नये. एका मोनो ट्रॅकला सेकंदाला १४४ केबी लागतात. २४ ट्रॅकांचे मिळून साडेतीन एमबीही होत नाहीत. साधी हार्डडिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर एमबी सहज देते. अडतं ते हेडच्या धावपळीत. २४ ट्रॅक म्हणजे बहुधा २४ फाइली, आणि ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेऱ्यालाच ८ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. फाइलींचे तुकडे विखुरले की ही धावपळ वाढते. म्हणून डिस्क काठोकाठ भरू नये, पाचवा हिस्सा तरी मोकळा असावा. एसएसडीला हेडच नाही, तिथे ही काळजी मिटते. (फाइल सिस्टीम बदलल्याने आवाज ‘मोकळा’ होतो म्हणणारेही भेटतात. बिट तेच, आवाज तोच.)

खरं बघायचं ते दोनच: डिस्क कोणकोणत्या कॉम्प्युटरला लागणार, आणि मध्येच वीज गेली तर काय होणार.

विंडोजची एनटीएफएस, मॅकची जुनी ‘एक्स्टेंडेड (जर्नल्ड)’ आणि लिनक्सची ईएक्सटी४ या तिघी बदलांची नोंदवही ठेवतात. वीज गेल्यावर चालू टेक हातचा जाईलही, पण बाकीच्या डिस्कची घडी सहसा विस्कटत नाही. एक्सफॅट मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते, पण तिच्याकडे अशी नोंदवही नाही. उलट एनटीएफएस मॅकला वाचता येते, पण जोड सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही.

२०१७ साली आलेली ॲपलची एपीएफएस एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे. बदललेला भाग ती जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिते. फिरत्या डिस्कवर त्याने पसारा वाढतो, तिथे जुनी ‘एक्स्टेंडेड’च बरी.

थोडक्यात, रेकॉर्डिंग आपापल्या कॉम्प्युटरच्या घरच्या फाइल सिस्टीमवर करावं आणि एक्सफॅट फक्त ने-आण करायला वापरावी. आणि फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं जातं. आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, ती उघडून ऐका, मगच बटण दाबा.