मुंबईवरील गँगस्टरपटांची शैली

मुंबईतील संघटित गुन्हेगारी हा ज्यांचा मुख्य कथाविषय आहे, अशा हिंदी व मराठी चित्रपटांना सामान्यतः गँगस्टरपट असे म्हटले जाते. या चित्रपटांची भाषा, स्थळे, पात्ररचना, छायाचित्रण आणि शेवट यांविषयी इ.स. १९८० नंतरच्या दोन दशकांत काही संकेत रूढ झाले. अर्धसत्य (१९८३), परिंदा (१९८९), सत्या (१९९८) आणि वास्तव (१९९९) हे चित्रपट या संकेतांच्या जडणघडणीत महत्त्वाचे मानले जातात. मराठीत हा प्रकार उशिरा आला. मात्र लालबाग परळ (२०१०), रेगे (२०१४), दगडी चाळ (२०१५) आणि मुळशी पॅटर्न (२०१८) यांनी त्याला वेगळे वळण दिले.

पार्श्वभूमी

हिंदी चित्रपटांत गुन्हेगार नायक पूर्वीपासून होता. दीवार (१९७५) मधील नायक गोदी कामगार असतो आणि तस्करीतून वर येतो. त्या काळच्या चित्रपटांतील तस्कर पांढरा सूट घालून आलिशान दालनात वावरत असे. तो कोठे राहतो, काय खातो, याची प्रेक्षकाला फारशी कल्पना दिली जात नसे. पुढच्या दशकात हे चित्र बदलले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही, पण बहुतेक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि गिरणगावातील एक पिढी बेकार झाली. एन. चंद्रा यांचा अंकुश (१९८६) नाक्यावर बसून राहणाऱ्या अशाच बेकार तरुणांचा चित्रपट आहे. तो रूढ अर्थाने गँगस्टरपट नाही, परंतु पुढच्या गँगस्टरपटांतील ‘पोरे’ याच नाक्यावरून आली, असे म्हणता येते.

अर्धसत्यची पटकथा विजय तेंडुलकर यांची असून ती श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेली आहे. दिग्दर्शन गोविंद निहलानी यांचे. सदाशिव अमरापूरकर यांनी साकारलेला रामा शेट्टी आवाज चढवत नाही, धमकी देत नाही. त्याला तशी गरजच पडत नाही. खलनायकाने शांत असावे, हा या प्रकारातला पहिला मोठा संकेत येथून दृढ झाला.

भाषा

या चित्रपटांची सर्वांत ठळक खूण म्हणजे बंबैया बोली. हिंदीचा सांगाडा, मराठीची क्रियापदे व म्हणी, त्यांत गुजराती, दखनी आणि कोकणीची भर अशी तिची घडण आहे. सत्याचे लेखन अनुराग कश्यप व सौरभ शुक्ला यांनी केले. त्यातील पात्रे एकमेकांचे बोलणे तोडतात, वाक्ये अर्धवट सोडतात, शिवीचा वापर विरामचिन्हासारखा करतात. तोपर्यंत हिंदी चित्रपटात संवाद ‘फेकला’ जात असे. सत्यात तो पुटपुटला गेला.

टोळ्यांची सांकेतिक शब्दावलीही या चित्रपटांमुळे सर्वत्र पोहोचली. एक लाख म्हणजे ‘पेटी’, एक कोटी म्हणजे ‘खोका’, पिस्तूल म्हणजे ‘घोडा’, तडजोड म्हणजे ‘मांडवली’, खून करणे म्हणजे ‘गेम वाजवणे’. यांतला ‘सुपारी’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. महाराष्ट्रात सुपारी देणे म्हणजे काम ठरवणे, शब्द देणे. लग्न ठरताना सुपारी फुटते, तमाशाच्या फडाला आणि बँडवाल्यांनाही सुपारी दिली जाते. त्याच शब्दाने खुनाचा करार व्यक्त होऊ लागला आणि आता वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही तो कोणत्याही स्पष्टीकरणाविना येतो.

संबोधने हाही भाषेचाच भाग आहे. टोळीचा प्रमुख ‘बॉस’ नसतो. तो भाई, दादा, भाऊ, अण्णा, मामा किंवा डॅडी असतो. नात्याचे नाव देऊन सत्तेला घरपण दिले जाते. प्रेक्षक या शब्दावरून त्या पात्राचा प्रांतही ओळखतो. परिंदामधील अण्णा दक्षिणेकडचा वाटतो, तर सत्यातील भाऊ ठाकूरदास झावळे मराठी राजकारणातला. भिकू म्हात्रे हे नाव ऐकताच मुंबईच्या किनारपट्टीवरचा भूमिपुत्र उभा राहतो. नायक सत्या मात्र कोठून आला, हे चित्रपट अखेरपर्यंत सांगत नाही.

स्थळे व छायाचित्रण

परिंदात छायाचित्रकार बिनोद प्रधान यांनी प्रकाश-अंधाराचा वापर करून मुंबईला भीतिदायक सौंदर्य दिले. कबुतरखान्यावरील खुनाच्या दृश्यात एकाच वेळी उडणारी कबुतरे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. सत्याने उलट दिशा घेतली. जेरार्ड हूपर आणि मझहर कामरान यांचा कॅमेरा चाळींच्या जिन्यांतून, डान्सबारमधून आणि पावसाळी गल्ल्यांतून पात्रांच्या मागोमाग चालतो. येथे गर्दी ही पार्श्वभूमी नसून खून करून नाहीसे होण्याची जागा आहे. म्हणूनच गणेश विसर्जनाचे दृश्य या प्रकारात पुनःपुन्हा येते. सत्यात भाऊचा खून चौपाटीवरील विसर्जनाच्या गर्दीतच होतो. ढोलताशांत किंकाळी ऐकू जात नाही आणि गुलालात रक्त दिसत नाही, ही सोय दिग्दर्शकांनी इतक्या वेळा वापरली की पुढे तिची धार बोथट झाली.

अनुराग कश्यप यांचा ब्लॅक फ्रायडे हा १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरील चित्रपट खटल्याच्या निकालापर्यंत न्यायालयीन आदेशामुळे अडकून पडला आणि २००७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात झोपडपट्टीतील एक पाठलाग आहे. पळणारा आणि पाठलाग करणारे पोलीस दोघेही दमतात, थांबतात, धापा टाकतात. चित्रपटांतील पाठलागात माणसे सहसा दमत नाहीत. त्यामुळे हे दृश्य वेगळे ठरले. ब्रिटिश दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी स्लमडॉग मिल्येनेअरमधील (२००८) आरंभीच्या पाठलागासाठी याच दृश्याचे ऋण मान्य केले आहे.

घर आणि आई

मुंबईच्या गँगस्टराला घर असते, आणि बहुधा त्या घरात आई असते. महेश मांजरेकर यांच्या वास्तवमध्ये रघू मित्रांसोबत पावभाजीची गाडी टाकतो, भांडणात त्याच्या हातून खून होतो आणि परतीचे दोर कापले जातात. गळ्यात जाड सोनसाखळी घालून तो चाळीतल्या घरी येतो, तेव्हा त्याला कौतुक हवे असते. शेवटी रीमा लागू यांनी साकारलेली आई त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालते. हा शेवट मदर इंडियापासून (१९५७) चालत आलेल्या परंपरेचा आहे. फरक इतकाच की येथे आई न्यायाच्या आवेशाने नव्हे, तर मुलाची सुटका म्हणून चाप ओढते. भिकू म्हात्रे आणि त्याची पत्नी प्यारी यांची घरगुती भांडणे हाही याच संकेताचा, पण अधिक हलका आविष्कार होय.

ब्रिटिश परंपरेशी तुलना

ब्रिटिश गँगस्टरपटांतही बोली आणि वस्ती यांना असेच महत्त्व आहे. गेट कार्टर (१९७१) न्यूकॅसलच्या औद्योगिक परिसरात घडतो. द लाँग गुड फ्रायडेमधील (१९८०) टोळीप्रमुखाला लंडनच्या ओस पडलेल्या गोदींवर नवे शहर उभारायचे असते. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिलेले पाहणाऱ्या मुंबईकराला ही कथा परकी वाटू नये. सत्या प्रदर्शित झाला त्याच वर्षी गाय रिची यांचा लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स आला. त्यातील एका प्रसंगात लंडनच्या कॉकनी बोलीला इंग्रजीच उपशीर्षके दिली आहेत. स्वतःच्या बोलीची अशी थट्टा मुंबईच्या चित्रपटांत क्वचितच आढळते. रिची यांच्या चित्रपटांत टोळ्या मूर्खपणामुळे एकमेकींवर आदळतात आणि योगायोगातून विनोद घडतो. मुंबईचा गँगस्टर मूर्खपणाने मरत नाही, तो नियतीने मरतो. विशाल भारद्वाज यांचा कमीने (२००९) या बाबतीत अपवाद आहे. त्याची रचना योगायोगांच्या गुंत्यावर उभी असून त्यातील भोपे भाऊ हे पात्र प्रांतीय राजकारणाचे विडंबन आहे.

मराठी चित्रपट

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर आधारित लालबाग परळमध्ये गुन्हेगारी हा संपाचा एक परिणाम म्हणून येते. तिचे स्वतंत्र आकर्षण नाही. अभिजित पानसे यांच्या रेगेमध्ये मध्यमवर्गीय घरातला तरुण टोळीच्या झगमगाटाला भुलतो आणि चकमकींच्या जगात ओढला जातो. प्रवीण तरडे यांनी मुळशी पॅटर्नमध्ये हा प्रकार मुंबईबाहेर नेला. पुण्यालगतच्या मुळशी तालुक्यातील जमिनी विकल्या जातात, आलेला पैसा संपतो, शेतकरी कुटुंब शहरात मोलमजुरीला येते आणि मुलगा टोळीत शिरतो. येथे चाळीची जागा सातबाऱ्याने घेतली आहे. महेश मांजरेकर यांनी अंतिम: द फायनल ट्रुथ (२०२१) या नावाने त्याची हिंदी आवृत्ती केली, तिच्यात पोलीस अधिकाऱ्याचे पात्र मोठ्या ताऱ्याकडे गेल्याने कथेचा भार शेतकरी कुटुंबावरून बराचसा सरकला.

टीका

गँगस्टरपट गुन्हेगारीचे उदात्तीकरण करतात, हा आक्षेप जुना आहे. शेवटी नायक मरतो, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. तथापि प्रेक्षक घरी नेतो ती बहुधा सोनसाखळी आणि संवाद. पोलीस चकमकींचे चित्रण हा अधिक गंभीर प्रश्न आहे. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला, १६ नोव्हेंबर १९९१ रोजी लोखंडवाला संकुलात चकमक झाली. या दोन्ही घटनांवर मोठे चित्रपट निघाले. खटल्याविना झालेल्या मृत्यूचे चित्रण त्यांत थरारक उत्कर्षबिंदू म्हणून येते. अर्धसत्यमध्ये मात्र रामा शेट्टीचा गळा आवळल्यावर इन्स्पेक्टर वेलणकर पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो.

चित्रपट व्यवसाय स्वतःही या विषयापासून अलिप्त नव्हता. ऑगस्ट १९९७ मध्ये संगीत निर्माते गुलशन कुमार यांची अंधेरीत हत्या झाली. चोरी चोरी चुपके चुपके या कौटुंबिक चित्रपटाचे प्रदर्शन २००१ मध्ये लांबले, ते त्यात टोळ्यांचा पैसा असल्याच्या संशयावरून झालेल्या तपासामुळे.