चाकरी कीं मक्ता?

गळिताच्या हंगामापूर्वीं साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यांत तोडणी-वाहतुकीचे करार होतात. ट्रॅक्टरवाला सभासद छापील कागदावर सही करून घरीं येतो, आणि पुढें बिल हातीं पडतें तेव्हां त्यांतून प्राप्तिकराची रक्कम वजा झालेली पाहून चकित होतो. "आम्ही शेतकरी, आम्हांस प्राप्तिकर कसला?" हा प्रश्न मग चावडीपासून सोसायटीच्या ओट्यापर्यंत सर्वत्र ऐकूं येतो. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु मनुष्य शेतकरी आहे कीं नाहीं हें कायदा येथें पाहत नाहीं. हा पैसा त्यास कोणत्या नात्यानें मिळाला एवढेंच पाहतो.

शेतीचें उत्पन्न करमुक्त आहे, तें जमिनीपासून निघतें म्हणून. आपल्या ट्रॅक्टरनें दुसऱ्याचें रान नांगरून दिलें अगर कारखान्याचा ऊस वाहिला, तर मिळालेलें भाडें हें धंद्याचें उत्पन्न होय. सोसायटीच्या गोदामावर महिना ठरवून काम केलें, तर तो पगार. धंदा व पगार या दोहोंवर कर आकारण्याच्या रीती निराळ्या आहेत. म्हणून आपण मक्तेदार आहोंत कीं चाकर, हें आधीं ठरलें पाहिजे.

सामान्य समजूत अशी कीं, करारावर 'ठेकेदार' असें लिहिलें म्हणजे माणूस ठेकेदार झाला. तसें नाहीं. कागदावरील नांव हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे. काम कोणतें एवढेंच समोरचा सांगतो, कीं तें कसें, केव्हां व कोणाच्या हातून करावयाचें हेंही सांगतो? अवजारें कोणाचीं? डिझेल महागलें किंवा टायर फुटला तर तोटा कोणाच्या अंगावर? आपल्या जागीं दुसरा माणूस पाठवितां येतो काय? त्याच हंगामांत दुसऱ्याचें काम घेतां येतें काय? यांपैकीं एकाच प्रश्नावर निकाल लागत नाहीं. सर्वांचा मेळ घालून पाहावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयानें १९५६ सालीं ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या दाव्यांत दिलेला निकाल या बाबतींत जाणून घेण्याजोगा आहे. कच्छच्या रणांत मीठ पिकविणारे अगरिये एकेक पट्टा घेऊन काम करीत. मोबदला मणावर मिळे, महिना नसे. मदतीचे मजूर ते स्वतः लावीत, आणि हंगाम नसे तेव्हां त्यांच्यांतील कांहीं जण शेती करीत. कंपनीचें म्हणणें, हे स्वतंत्र मक्तेदार. परंतु मीठ तयार होण्याच्या पायरीपायरीवर कंपनीची देखरेख व हुकमत असल्याचें दिसून आलें, आणि ते कामगारच ठरले. तो दावा औद्योगिक कलहाच्या कायद्याखालील होता, कराचा नव्हे, हें खरें. परंतु १९६० सालीं प्राप्तिकराच्याच एका दाव्यांत बँकेचा खजिनदार, ज्याच्यावर हाताखालच्या लोकांचीही जबाबदारी होती, तो चाकरच ठरला व त्याची प्राप्ति पगार म्हणून धरली गेली. हाताखालीं माणसें आहेत एवढ्यानें कोणी मक्तेदार होत नाहीं.

आतां खिशाकडे वळूं. मक्तेदार ही एक व्यक्ति असेल, तर कारखान्यानें बिलांतून शेंकडा १ कापावयाचा असतो. मात्र एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांवर अगर वर्षाची बेरीज १,००,००० रुपयांवर गेली तरच. समजा, हंगामांत ६,००,००० रुपयांचीं बिलें झालीं. कपात ६,००० रुपये. पॅन क्रमांक दिला नसेल, तर तीच कपात शेंकडा २० होते, म्हणजे १,२०,००० रुपये! एका कागदाच्या आळसाची ही किंमत आहे.

ही कपात म्हणजे आगाऊ जमा, अखेरचा कर नव्हे. डिझेल, चालकाचा पगार, दुरुस्ती, यंत्राची झीज हा सर्व खर्च मक्तेदारास वजा मिळतो. वरील उदाहरणांत खर्च जाऊन १,५०,००० रुपये उरले व दुसरें करपात्र उत्पन्न नसलें, तर कर मुळींच लागत नाहीं. विवरणपत्र भरल्यास ६,००० रुपये परत मिळतात. न भरल्यास ते सरकारजमा राहतात, आणि पुष्कळांचे तसेच राहतात. चाकरास मात्र असा खर्च दाखवितां येत नाहीं. त्याबद्दल पगारांतून ठोक सूट मिळते, ती नव्या पद्धतींत ७५,००० व जुन्या पद्धतींत ५०,००० रुपये. १९६१ च्या कायद्यांत पगारावरील कपात कलम १९२ खालीं व मक्त्यावरील १९४-सी खालीं होती. १ एप्रिल २०२६ पासून अमलांत येणाऱ्या २०२५ च्या कायद्यांत तीं कलमें ३९२ व ३९३ झालीं. आंकडे बदलले, कसोटी तीच.

उलट प्रकार अधिक खेदाचा आहे. कित्येक ठिकाणीं गोदामाचा राखणदार किंवा काट्यावरील मापाडी वर्षानुवर्षें ठरल्या वेळीं हजर राहतो, चिटणिसांच्या हुकमानें काम करितो, दरमहा ठराविक रक्कम घेतो; आणि दर वर्षीं त्याच्याकडून मक्त्याचा कागद लिहून घेतात. शेंकडा १ कापला गेला, स्वस्तांत सुटलों, असें त्या बिचाऱ्यास वाटतें. परंतु भविष्यनिर्वाह निधि, उपदान व रजा यांवरील त्याचा हक्क त्या कागदाखालीं दडपला जातो. आणि उतारवयांत तो मागावयास गेला, तर हाच कपातीचा दाखला त्याच्यापुढें टाकतात. असे कागद करून घेणाऱ्या संचालकांस यांत काटकसर दिसते. मला ती दिसत नाहीं. पगार करपात्र असून त्यावरील कर कापला नाहीं असें ठरलें, तर न कापलेल्या रकमेवर दरमहा शेंकडा १ व्याज संस्थेच्या माथीं बसतें. कापून भरला नाहीं, तर दीड.

करार करतांना वाहन, इंधन व माणसें कोणाचीं आणि नुकसान कोणाचें, हें स्पष्ट लिहून घ्यावें व एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. डिझेलच्या व दुरुस्तीच्या पावत्या एका पिशवींत जपाव्या. हंगाम संपल्यावर कापलेली रक्कम आपल्या पॅन क्रमांकावर जमा झाली आहे काय, हें प्राप्तिकर खात्याच्या तक्त्यांत पाहावें. तेथें ती नसल्यास विवरणपत्र भरण्यापूर्वींच कारखान्याच्या हिशेबनिसास लेखी कळवून दुरुस्ती करून घ्यावी. जमा न दिसणाऱ्या रकमेच्या परताव्यास फार हेलपाटे पडतात.