रिपोर्टमधली माणसं

सांधे महिनोन्‌महिने दुखतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, गालांवर लाल चट्टे उठतात. अशा वेळी अकोला-अमरावतीकडचे डॉक्टर ‘एएनए’ आणि ‘ईएनए’ या तपासण्या लिहून देतात. हातात येणाऱ्या रिपोर्टवर एसएम, रो, ला, जो-१ अशी अक्षरं असतात. पेशंटला ती सांकेतिक वाटतात, पण ती माणसांची नावं आहेत.

एसएम म्हणजे स्मिथ. ल्युपसने आजारी असलेल्या एका तरुणीचं हे आडनाव. तिच्या रक्तातलं प्रतिपिंड टॅन आणि कुंकेल या संशोधकांनी १९६६ मध्ये नोंदवलं. रो आणि ला हीसुद्धा दोन रुग्णांच्या नावांची पहिली अक्षरं आहेत आणि जो-१ हे स्नायूंच्या आजाराच्या एका रुग्णाच्या नावावरून आलं.

प्रतिपिंडांचं खरं काम जंतूंना ओळखून धरायचं. ल्युपससारख्या संयोजी ऊतींच्या आजारांत मात्र ती आपल्याच प्रथिनांना धरतात, म्हणून त्यांना स्वप्रतिपिंडं म्हणतात. आणि धरतात तरी कोणती प्रथिनं? पेशीच्या अगदी आतली, जिच्यावाचून पेशी एक दिवस जगणार नाही अशी यंत्रसामग्री. उदाहरणार्थ, ‘एससीएल-७०’ या प्रतिपिंडाचं लक्ष्य टोपोआयसोमरेज-१ हे प्रथिन आहे. सूत कातताना जादा पीळ पडला की तो सोडवावा लागतो, तसा डीएनएच्या धाग्यातला पीळ हे प्रथिन सोडवतं. त्वचा कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्मात हे प्रतिपिंड सापडतं.

स्मिथबाईंच्या प्रतिपिंडाची गोष्ट तर विज्ञानातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी आहे, असं मला मनापासून वाटतं. जनुकाचा संदेश सलग नसतो, मधले निरुपयोगी तुकडे कापून तो जोडावा लागतो, हे १९७७ मध्ये कळलं. पण कात्री कुणाची? येल विद्यापीठात मायकेल लर्नर आणि जोन स्टाइट्झ यांनी ल्युपसच्या रुग्णांचं सीरम पेशींच्या अर्कात मिसळलं. प्रतिपिंडांनी लहान आरएनए आणि त्यांना चिकटलेली प्रथिनं असे गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर ओढून आणले. १९७९ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि पुढे कळलं, की कापाकापी करणाऱ्या यंत्राचे भाग हेच. त्यातली सात एसएम प्रथिनं आरएनएभोवती कड्यासारखी बसतात. रुग्णाच्या शरीराला ज्या चुकीने छळलं, त्याच चुकीने विज्ञानाच्या हाती अचूक गळ दिला.

एएनए तपासणीत काचपट्टीवर ‘हेप-२’ पेशी पसरतात, त्यावर सीरम टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा प्रकाश पाहतात. या पेशी मुळात हेला पेशीच असल्याचं जनुकीय तपासणीत आढळलं आहे. म्हणजे १९५१ मध्ये कर्करोगाने गेलेल्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या पेशींवर आज वऱ्हाडातल्या बाईचं रक्त तपासलं जातं.

ल्युपसचा आणि उन्हाचा संबंध आमच्या वऱ्हाडात विशेष महत्त्वाचा. जननक्षम वयात या आजाराच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. इकडे पऱ्हाटीतली वेचणी करतात त्याही बायकाच, दिवसभर उघड्यावर, डोक्याला रुमाल आणि अंगात नवऱ्याचा जुना शर्ट घालून. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात तेव्हा आतलं रो प्रथिन पृष्ठभागावर येतं आणि प्रतिपिंडांच्या तावडीत सापडतं. म्हणून ज्यांना ल्युपस आहे, त्यांच्यासाठी तो रुमाल आणि शर्ट हा औषधाचाच भाग आहे.

प्रतिपिंडांचे सगळेच आजार दुर्मीळ समजायचं कारण नाही. रोहित पक्ष्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये घरोघरी पाहणी केली, तेव्हा संधिवाताभ म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस दोनशेंत जवळपास एकाला आढळला. या आजारात ‘अँटी-सीसीपी’ प्रतिपिंड पुष्कळदा सांधे सुजण्याच्या काही वर्षं आधीच रक्तात असतं.

तरी पॉझिटिव्ह शब्द वाचून कुणी घाबरू नये. ४० पट पातळ केलेल्या सीरमवर निरोगी माणसांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिकांचा एएनए पॉझिटिव्ह येतो. लक्षणांशिवाय नुसत्या कागदाला अर्थ नाही.

एका बाबतीत मात्र कागद जपून ठेवा. रो प्रतिपिंड नाळेतून गर्भापर्यंत जातं आणि अशा आयांच्या शंभर बाळांपैकी एक-दोघांच्या हृदयाची विद्युतवाहिनी बंद पाडतं. आईला बऱ्याचदा काहीच त्रास नसतो. सासरी काय म्हणतील या भीतीने रिपोर्ट माहेरच्या पेटीत राहू देऊ नका. गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत तो डॉक्टरांपुढे ठेवा, म्हणजे सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवता येईल.