मिस फरार यांची शाळा

जून जवळ आला की आमच्या द्रोणागिरीतल्या सोसायटीत एकच विषय, अॅडमिशन! परवा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "वहिनी, पोरीला कॉन्व्हेंटमध्येच घालायचीय. तिथं शिकवायची पद्धत असते बघा."

मैत्रिणींनो, ही 'पद्धत' आपल्याकडे आली कशी, ठाऊक आहे?

पूर्वी शाळा असायची पंतोजींची. कुणाच्या ओसरीवर, नाहीतर देवळात. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी घोटायची, पावकी-निमकी तोंडपाठ करायची. हिशेब आणि पत्र जमलं की शिक्षण संपलं. त्या पाठांतराला नावं ठेवायचं कारण नाही. आमचे आजोबा व्याजाचा हिशेब बोटांवर करायचे! पण त्या ओसरीवर मुलगी नसायची, आणि ज्यांचा विटाळ मानायचे त्यांची मुलं तर नाहीच.

1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. त्यांनी मराठी छापखाना घातला, 1824 मध्ये मुलींची शाळा काढली. छापील पुस्तक, भूगोल, नकाशा हे सगळं मुलींच्या हातात आलं. 1827 च्या अखेरीस सिंथिया फरार नावाच्या अविवाहित शिक्षिका जहाजानं इथे पोचल्या. वय बत्तीस. आधी मुंबईत आणि 1839 पासून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) त्यांनी मुलींना शिकवलं. 1862 मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं.

मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो त्यांनी कधी लपवलाही नाही. लेक शाळेत गेली तर बाटेल, ही आईबापांची भीती उगाच नव्हती. पण त्याच सुमाराला पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी नगरची ही शाळा पाहिली. त्यांनी त्यातलं नेमकं काय घेतलं, तर मुली शिकू शकतात ही खात्री आणि शिकवण्याची रीत. 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते फरारबाईंकडे. शाळा मात्र फुले दांपत्याची स्वतःची, कुणाला बाटवण्यासाठी नव्हे. याच शाळांमधल्या मुक्ताबाई साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि 1855 मध्ये तो छापला कुठे? मिशनच्या 'ज्ञानोदय'मध्ये!

चीनमध्येही असंच घडलं. तिथली मुलं कन्फ्यूशियसचे ग्रंथ पाठ करून सरकारी परीक्षेला बसत. मुलींना त्या परीक्षेत जागाच नव्हती. 1844 मध्ये मेरी अॅन अल्डर्सी या इंग्लिश बाईंनी निंगबोला मुलींची शाळा काढली. त्याही अविवाहित, त्याही मिशनरी. पुढे 1905 मध्ये ती जुनी परीक्षाच रद्द झाली आणि नव्या शाळांना वाट मोकळी झाली.

हे सगळं मी मावशींना सांगितलं. त्या पोछा बाजूला ठेवून ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सावित्रीबाई पण आधी कुणाकडे तरी शिकायलाच गेल्या होत्या!"

कॉन्व्हेंटची फी त्यांना झेपणारी नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. शेवटी मुलीचं नाव जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं ठरलं. संध्याकाळी तासभर ती माझ्याकडे येणार. पहिल्या दिवशी तिच्यासोबत मावशीही आल्या. खिडकीबाहेर बंदराकडे कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली होती. पोरगी त्यांच्यावरचे आकडे मोठ्यानं वाचत होती. मावशी जरा लाजत म्हणाल्या, "वहिनी, तिच्याबरोबर मीही बसले तर चालेल का हो? अंगठा उठवायचा कंटाळा आलाय."

मी दुसरी पाटी आणायला उठले.