कुत्रा अडथळ्यापाशी का थबकतो?

कारवानी कुत्र्याला मोकळ्या रानात धावताना ज्याने पाहिले आहे, त्याला वेग म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट. बांध आणि चर तो सहज ओलांडतो. पण याच कुत्र्यासमोर एक लांब फळी ठेवा, तिच्या मध्याखाली दोन विटा घाला आणि त्याला वर चालायला लावा. मध्य ओलांडताच फळी कलते, पुढचे टोक धाडकन जमिनीवर आपटते आणि हा वाऱ्याशी शर्यत लावणारा गडी शेपूट पायात घालून मागे सरतो. पाय तेच, छाती तीच. मग वेग गेला कुठे?

या प्रश्नाभोवती कुत्र्यांचा एक अख्खा खेळ उभा आहे. त्याचे नाव अ‍ॅजिलिटी. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक म्हणून तो पहिल्यांदा झाला. कल्पना घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून घेतलेली. उड्या मारायचे आडवे दांडे, बोगदा, चढ-उताराची तिरकी भिंत, झुलती फळी आणि ओळीने रोवलेल्या बारा काठ्या, ज्यांतून नागमोडी निघायचे. मालक सोबत धावतो, पण कुत्र्याला हात लावायचा नाही. फक्त आवाज आणि खुणा. कमीत कमी चुका आणि कमीत कमी वेळ, तो जिंकला.

परभणी जिल्ह्यात याचा काय संबंध, असे कोणी विचारेल. कारवानी, पश्मी ही आपल्या भागातली, धावण्यासाठीच घडलेली कुत्री. पूर्वी ती सशामागे सुटत. आज वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. धावण्याची ओढ मात्र रक्तात तशीच राहिली. साखळीला बांधलेला असा कुत्रा चिडका तरी होतो, नाहीतर मलूल. जिंतूर-सेलूकडच्या शेतात किंवा परभणी शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर चार अडथळे मांडले, तर त्या ओढीला वाट मिळते. त्यासाठी कुठलीही स्पर्धा गाठायची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुढे काय होणार याची कुत्र्याला खात्री असते, तेव्हा तो पूर्ण वेगाने जातो. खात्री नसली की वेग आखडतो. पोर्तुगालमधील पोर्तो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. काही कुत्री बक्षीस देऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षण केंद्रांतली होती, काही ओरडा आणि पट्ट्याचे हिसके वापरणाऱ्या केंद्रांतली. खोलीत एका जागी ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ असतो, दुसऱ्या जागी ठेवलेला वाडगा नेहमी रिकामा, हे त्यांना आधी शिकवले. मग वाडगा दोन्हींच्या मध्ये ठेवला. आत खाऊ असेल की नसेल? ज्या केंद्रांत शिक्षेचा वापर सर्वांत जास्त होता, तिथली कुत्री अशा वाडग्याकडे हळू गेली. वाईटच होईल, असा अंदाज त्यांनी आधीच बांधलेला होता. शिक्षा वापरणाऱ्या केंद्रांतल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही वाढलेले आढळले. मार खाल्लेला कुत्रा आज्ञा पाळेल, पण झेप घेताना मागे वळून बघेल. आणि मागे बघणारा वेगात धावत नाही.

मग खात्री कशी द्यायची? झुलत्या फळीचेच उदाहरण घ्या. फळी आधी सपाट जमिनीवर ठेवा. कुत्रा तिच्यावर आपणहून पाय ठेवेल, त्या क्षणी खाऊ द्या. क्षण महत्त्वाचा. एक-दोन सेकंद उशीर झाला, तर बक्षीस कशाचे ते त्याला कळत नाही. पुढच्या पायरीला फळीखाली जाडसर काठी ठेवा, म्हणजे ती बोटभरच हलेल. मग एक वीट. आवाजाची भीती वेगळी घालवायची: फळीचे टोक हाताने हळूच आपटा आणि लगेच खाऊ द्या. काही दिवसांत तो 'धाड' आवाज ऐकून खाऊच्या अपेक्षेने तुमच्याकडे बघू लागतो. मग तो आवाज त्याच्यासाठी संकट राहत नाही, जेवणाची घंटा होतो. पावलोव्हने शंभर वर्षांपूर्वी दाखवलेले तत्त्व ते हेच.

बोगद्यासाठी बाजेवर दोन चादरी सोडल्या तरी पुरतात. खाऊ भाकरीचा तुकडा नको, ती रोजची. उकडलेले अंडे, चिकन किंवा पनीर यांचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. कांदा, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात, ती चुकूनही देऊ नका. सराव पाच ते दहा मिनिटांचा, आणि कुत्र्याला अजून हवेसे वाटत असतानाच थांबवायचा. तो अडला, तर एक पायरी मागे या. ओढून, ढकलून वर चढवलेला कुत्रा पुढच्या वेळी लांबूनच थांबतो.

सगळ्यांना एकच मात्रा लागू पडत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात असे दिसले, की शांत स्वभावाच्या कुत्र्यांना थोडा चेव आणला तर ती काम अधिक चांगले करतात. मुळातच चटकन उसळणाऱ्यांचे काम त्याने बिघडते. म्हणून थंड कुत्र्याला सरावाआधी खेळवा, टाळ्या वाजवा. उसळणाऱ्याला आधी दोन मिनिटे शांत बसू द्या.

मालकाचा स्वभावही मैदानात उतरतो. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये अ‍ॅजिलिटी स्पर्धेतल्या पुरुष मालकांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या लाळेचे नमुने तपासले. ज्या मालकांचे टेस्टोस्टेरॉन स्पर्धेआधी जास्त होते, ते हरल्यावर त्यांच्या कुत्र्यांचा ताण अधिक वाढला. हे मालक हरल्यावर कुत्र्यावर ओरडत, त्याला ढकलत. हार-जीत कुत्र्याला कळत नाही. धाव संपल्यावर धनी रागावतो, एवढे मात्र तो लक्षात ठेवतो.

मन तयार झाले तरी शरीराला घाई चालत नाही. पिल्लाच्या हाडांची वाढीची टोके मऊ असतात. मोठ्या जातींत ती सांधायला वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर उंच उड्या नकोत, दांडा जमिनीवरच ठेवावा. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा, ज्वारीची धसकटे आणि सराटे हे पायाचे वैरी आहेत. जागा आधी चालून पाहा. लंगडणे किंवा उडी टाळणे हा हट्ट नसून दुखणे असू शकते. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सराव सुरू करण्याआधी सांधे आणि हृदय पशुवैद्यकाकडून तपासून घेतलेले बरे.

सर्वांत मोठा धोका उन्हाचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. धावून ते ४१ च्या वर गेले, तर जीव धोक्यात येतो. परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून सराव उजाडताच उरकावा. न थांबणारी धाप, चिकट लाळ, झोकांड्या दिसल्या की सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच पशुवैद्यक गाठा.

अशा विश्वासाने घडलेला कुत्रा काय करू शकतो, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने पाहिले आहे. तिथल्या पोलीस श्वानपथकातल्या रॉकीने तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली. त्याला सन्मानाने दिलेल्या निरोपाचा उल्लेख ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये केला. गर्दीत, गोंगाटात, अनोळखी घरात न बिचकता पुढे जाणे हे नाकाइतकेच हिमतीचेही काम आहे.

उद्या सकाळी फळी मांडाल तेव्हा घड्याळ घरातच ठेवा. शेपूट कुठे आहे, कान कसे आहेत, एवढेच बघा. शेपूट सैल हलत असेल आणि उतरल्यावर कुत्रा स्वतःहून पुन्हा फळीकडे वळत असेल, तर दांडा बोटभर वर न्यायला हरकत नाही.