संमोहनाने दारू सुटते का?

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे यजमान बारा वर्षांपासून रोज पितात. तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा एक संमोहनतज्ज्ञ लॉजवर येऊन उतरतात. ‘तीन बैठकांत दारू बंद, शंभर टक्के खात्री’ अशी त्यांची जाहिरात आहे. फीसाठी हातातल्या पाटल्या मोडायचा बाईंचा विचार आहे. यजमानांना मात्र त्यांनी यातले काहीच सांगितलेले नाही. ‘एकदा नेऊन बसवले की पुढचे ते बघतील,’ असे त्या लिहितात.

पाटल्या मोडू नयेत, हे आधीच सांगून टाकतो. पण म्हणून संमोहन म्हणजे निव्वळ थोतांड, असेही कोणी समजू नये.

संमोहन म्हटले की आपल्याला गणेशोत्सवातला प्रयोग आठवतो. रंगमंचावर बोलावलेला तरुण कांदा सफरचंद समजून मिटक्या मारत खातो आणि आपण टाळ्या वाजवतो. सूचना चटकन घेणारे तीन-चार जण प्रयोगकर्त्याने आधीच गर्दीतून हेरलेले असतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. घरी जाताना मात्र ‘हा माणूस कोणाकडूनही काहीही करवून घेईल’ अशी समजूत आपण बरोबर नेतो. बाईंच्या पत्रातली आशा या समजुतीतूनच आली आहे.

‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला तो मँचेस्टरमध्ये व्यवसाय करणाऱ्या जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यविशारदाने. १८४३ साली त्याचा या विषयावरचा ग्रंथ आला. ग्रीक भाषेत हिप्नॉस म्हणजे झोप. गंमत अशी की, चारच वर्षांत ब्रेडला स्वतःलाच हे नाव चुकीचे वाटू लागले. ही झोप नाही, एकाच कल्पनेवर मन एकवटलेली ही अवस्था आहे, असे त्याचे मत झाले, आणि ते आजही बरोबर मानले जाते. एसटीत कादंबरी वाचताना आपला थांबा मागे पडतो, तशातलीच ही तंद्री. संमोहित माणसाला आवाज ऐकू येतात, झालेले बहुधा आठवते, आणि नको वाटले तर तो उठून जाऊ शकतो. सगळ्यांना ही अवस्था सारखी साधतही नाही. काही जण फार खोल जातात, काहींवर कसलाच परिणाम होत नाही, बाकीचे अधेमधे.

आता व्यसनासाठी याचा उपयोग कसा करतात? तंबाखूचे उदाहरण घेऊ. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले चारांतले जवळजवळ एक प्रौढ माणूस तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे आढळले, तेव्हा हे उदाहरण घरोघरचे आहे. जाणता उपचारक पहिल्या भेटीत संमोहन करतच नाही, नुसते विचारत बसतो. पहिली चिमूट केव्हा? सकाळी पोट साफ व्हावे म्हणून? चहानंतर? की शेजारच्या टेबलावरचा मित्र चुना मळू लागला की? तंबाखू ज्या खुंट्यांना टांगलेली असते, त्या खुंट्या आधी सापडाव्या लागतात. मग रुग्णाला आरामात बसवून, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगून, अंग सैल सोडायला लावून सूचना दिल्या जातात. ‘तंबाखू खाणार नाही’ ही सूचना कच्ची, कारण ती ऐकतानाही डोळ्यांपुढे तंबाखूच येते. त्याऐवजी प्रसंग उभा करतात: मित्राने तळहात पुढे केला आहे, तुम्ही हसून मान हलवता, खिशातली बडीशेप तोंडात टाकता, तोंड स्वच्छ वाटते आहे. हे मनात अनेकदा घडले की प्रत्यक्षात करणे थोडे सोपे जाते. तलफ एकदा उठली की काही मिनिटांत ओसरते, आणि तेवढा वेळ काढायची ही तालीम असते.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगल यांनी १९७० साली धूम्रपानासाठी एकाच बैठकीची पद्धत मांडली. तिचा गाभा असा की, पुढचे काम रुग्णाने दिवसातून अनेकदा स्वसंमोहन करून स्वतःच करायचे.

गुण किती येतो? सिगारेट सोडू पाहणाऱ्यांवरील १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेने २०१९ साली घेतला. एकूण माणसे १,९२६. इतर समुपदेशनापेक्षा किंवा आपले आपण सोडण्यापेक्षा संमोहन सरस ठरते, असा पुरेसा पुरावा मिळाला नाही. दारूच्या बाबतीत तर पुरावा याहूनही तोकडा आहे. निकोटिनचे च्युइंगगम आणि डॉक्टरी औषधे यांचा पाया अधिक भक्कम आहे. माझे मत विचाराल तर, ज्याला स्वतःला सोडायचे आहे, त्याने या उपचारांच्या जोडीला संमोहन जरूर करून पाहावे. ज्याला सोडायचेच नाही, त्याच्या मनात इच्छा पेरण्याची ताकद त्यात नाही.

दारूचा प्रश्न आणखी वेगळा आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. योग्य औषधे आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व देऊन हे टाळता येते, पण त्यासाठी डॉक्टर जवळ हवा. लॉजवरचे गृहस्थ संध्याकाळच्या गाडीने पुढच्या गावाला गेलेले असतील, आणि त्या तिसऱ्या रात्री घरात बाई एकट्याच असतील. माझी खरी काळजी ही आहे. (आमटीत गुपचूप कालवायच्या पुड्यांचेही तेच. त्यात डायसल्फिराम असले आणि वर माणूस प्याला, तर जिवावर बेतू शकते.)

बाईंनी आधी यजमानांशी बोलावे, तेही सकाळी, ते शुद्धीत असताना. ‘दारू सोडा’ म्हणण्यापेक्षा ‘एकदा यकृत तपासून घेऊ’ म्हटलेले बहुधा लवकर पटते. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवावे. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तंबाखूसाठी १८००-११२-३५६ हे सरकारी दूरध्वनी मोफत आहेत. पुढे संमोहन करायचे ठरलेच, तर ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा पदवीधर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांच्याकडूनच करावे. यजमानांना पूर्वी वेडाचा झटका येऊन गेला असेल, तर ते आधी सांगावे, कारण अशा रुग्णाला संमोहन सोसत नाही. यजमान तयार झाले नाहीत, तरी बाईंना स्वतःला ‘अल-अनॉन’च्या बैठकीला जाता येईल, ती पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असते.

डॉक्टरांकडे जाताना एक चिठ्ठी बरोबर ठेवावी. रोज किती पितात, शेवटची केव्हा घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का, सध्या कोणती औषधे चालू आहेत, एवढे तिच्यावर लिहिलेले असावे.