ट्रॅक्टरचा डिझेलखर्च व चालकाच्या सवयी

अहिल्यानगर जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या भागांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. ट्रॅक्टर एकाच बनावटीचे, ऊसही एकाच फडातला. तरी एकाचे डिझेल दुसऱ्याच्या आधी संपते. मालक इंजिनाला दोष देतो. पुष्कळदा तो दोष चालविण्याच्या सवयीत असतो.

कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रांगेत उभे असताना इंजिन चालू ठेवण्याची रीत सर्रास आढळते. ४५-५० अश्वशक्तीचे इंजिन नुसते चालू राहिले तरी तासाला सुमारे १ लिटर डिझेल जाते. पुन्हा सुरू होणार नाही अशी भीती असल्यास बॅटरी दुरुस्त करावी. तिची उणीव डिझेल जाळून भरून काढणे महागाचे होय.

करंजी घाटासारख्या उतारावर डिझेल वाचविण्यासाठी काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. ही समजूत चुकीची व जिवावर बेतणारी आहे. गिअर घालून रेस कमी केली असता उतारावर चाकेच इंजिनास फिरवितात आणि गव्हर्नर डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनास चालू राहण्यापुरते डिझेल लागतेच, शिवाय सारा भार ब्रेकांवर येतो. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, हे विसरू नये.

रिकामी ट्रॉली नेणे, कोळपणी अशा हलक्या कामांत वरचा गिअर घालून रेस कमी ठेवावी. धुराड्यातून काळा धूर येऊ लागल्यास भार अधिक झाला असे समजून खालचा गिअर घ्यावा. रोटाव्हेटरला ठराविक फेरे लागतात, म्हणून तेथे ही युक्ती चालत नाही.

नांगरटीत डिझेल जाते ते चाकांच्या घसरीने. मागच्या चाकावर खडूची खूण करून नांगर उचललेला असताना १० फेऱ्यांत कापलेले अंतर मोजावे, नंतर नांगर जमिनीत घालून पुन्हा मोजावे. पहिले ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरल्यास घसर १५ टक्के झाली. याहून अधिक घसर असल्यास चाकांवर वजन वाढवावे, नांगराची खोली कमी करावी किंवा झिजलेले टायर बदलावेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे प्रात्यक्षिक गावात करून दाखविल्यास तासाभराचे काम आहे. मात्र ते रान वाफशावर असतानाच करावे. ओल्या काळ्या जमिनीत वजन वाढवूनही चाके घसरतात व माती दाबली जाते ती निराळीच.